मुक्यानं न्यायचं पाणी

१

सकाळी आठ वाजता डोंगरावर जाणारी खुर्च्यांची लिफ्ट सुरू व्हायची आणि पहिल्या खुर्चीत स्तोइल बसलेला असायचा. अठरा दिवस हा नेम चुकला नव्हता. घरासमोरच्या दगडी झऱ्यावर स्टीलची बाटली भरायची, तिला लोकरीचा मोजा चढवायचा, ती उलटी करून कोटाच्या आत डाव्या छातीशी ठेवायची आणि स्नोबोर्ड काखेत मारून निघायचं. बाटली उलटी अशासाठी, की पाणी वरून गोठत येतं. उलटी ठेवली म्हणजे गोठलेलं बुडाशी राहतं आणि तोंड मोकळं सापडतं. त्या डोंगरावरच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

पाणी स्तोइलसाठी नव्हतं. ते त्याच्या धाकट्या भावासाठी होतं, ल्युबेनसाठी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माथ्यापलीकडच्या घळीत बर्फाचा अख्खा उतार सुटला आणि ल्युबेनला घेऊन गेला. आठ दिवस कुत्री हुंगली, माणसांनी लांब काठ्या खुपसल्या. मग शोधपथकाच्या म्होरक्यानं त्यांच्या आईसमोर, स्तामेना म्हातारीसमोर, टोपी काढली. म्हणाला, "काकू, आता मे महिन्यात बर्फच त्याला परत देईल."

म्हातारी म्हणाली, "आणि मे महिन्यापर्यंत माझं पोर तहानलेलं राहील?"

बोलली म्होरक्याशी, पण बघत होती स्तोइलकडे.

मेलेल्याला चाळीस दिवस तहान लागते. थडगं असलं तर थडग्यावर ओततात. इथं थडगं नव्हतं, म्हणून पाणी वर जायचं. खिडकीत एक पेला भरून ठेवलेला असायचा, तो वेगळा. वरचं पाणी मुक्यानं न्यायचं असतं. झऱ्यावर भरल्यापासून ओतेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. गावाला हे ठाऊक होतं. लिफ्टवरचा गात्यो एरवी खांबाशीसुद्धा गप्पा मारणारा माणूस, पण स्तोइल वर जाताना तो नुसती टोपी हलवायचा. त्याच्या पाठीमागच्या खांबावर ल्युबेनचा फोटो छापलेला, त्याच्या मृत्यूची बातमी देणारा कागद चिकटवलेला होता. फोटोत ल्युबेन हसत होता.

तो हसरा चेहरा बघितला की स्तोइल तोंड फिरवायचा. दुःखानं नव्हे, रागानं. स्तोइल एक्कावन्न वर्षांचा, लिफ्टखाली बोर्ड दुरुस्तीचं दुकान चालवणारा, बेताचं बोलणारा माणूस. त्याचा राग ओल्या लाकडासारखा होता. भडकायचा नाही, नुसता धुमसायचा. ल्युबेननं जन्मात कधी स्वतःचं पाणी स्वतः उचललं नव्हतं. "पाणी म्हणजे ओझं," म्हणायचा, "आणि दादा आहे की!" मग माथ्यावर पोचला की हात पुढे. अर्धी बाटली एका दमात. आता गावात जो तो सांगत होता, काय दिलदार माणूस, काय हसतमुख. मेल्या म्हशीला मणभर दूध.

आणि मेल्यावरही पाणी दादानंच वाहायचं.

२

एकोणिसाव्या दिवशी उणे अठरा होतं. कोटाची चेन तुटली होती, म्हणून स्तोइलनं बाटली पाठीवरच्या पिशवीच्या बाहेरच्या खिशात खोचली आणि घाईत ती उभीच खोचली.

लिफ्टच्या वरच्या ठाण्यापासून धोक्याच्या दोरापर्यंत बोर्डवरून दहा मिनिटं लागतात. डावीकडे अंग टाकत आडवं कापत जायचं, मग खुरट्या पाइनच्या झाडांमधून खाली, आणि पिवळा दोर आला की थांबायचं. दोरापलीकडे घळ. तिथं नवा बर्फ पडून सगळं इतकं गुळगुळीत झालं होतं की जणू कधी काही घडलंच नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला, बाटली काढली. झाकण हलेना. आत गोठून पक्कं बसलं होतं. त्यानं हातमोजे काढले, पिळलं. दातांनी धरलं, तर ओठाची साल स्टीलला चिकटून निघाली. तोंडात रक्ताची चव आली.

आणि एकोणीस दिवस धुमसणारं लाकूड एकदम पेटलं.

"जन्मभर स्वतःचं पाणी उचललं नाहीस!" तो घळीकडे ओरडला. "मेलास तरी मीच! मी काय तुझा नोकर आहे? एवढी तहान लागलीय तर ये घरी आणि पी! ये की!"

आवाज घुमायला हवा होता. त्या घळीत साधी टाळी वाजवली तरी दोनदा परत येते. पण ओरडणं लोकरीत गेल्यासारखं गेलं. स्तोइल तोंड उघडं ठेवून तसाच थांबला. मग त्यानं बोर्डच्या पोलादी कडेवर झाकण ठोकलं, उघडलं, आतलं कचकचतं पाणी ओतलं आणि निघाला.

शब्द निघाला होता. पाणी मुक्यानं गेलं नव्हतं. त्यानं आईला सांगितलं नाही. म्हातारीला कशाला जीवाला घोर, असं तो स्वतःला म्हणाला. खरं तर त्याला लाज वाटत होती, आणि लाजेचाही राग येत होता.

३

विसाव्या दिवशी त्यानं चेन शिवून घेतली आणि बाटली नेहमीसारखी उलटी, छातीशी ठेवली. दोराशी जाऊन उघडली, तर निम्मीच होती.

त्यानं आधी कोट चाचपला. कोरडा. आतलं लोकरी बनियन कोरडं. मोजा कोरडा. झाकणातलं रबर बोटानं दाबून बघितलं, चांगलं होतं. भरतानाच कमी भरली असेल, असं तो मनाशी म्हणाला. पण झऱ्यावर पाणी काठावरून सांडून त्याच्या बोटांवर आलं होतं. बोटं कशी झोंबली होती ते त्याला आठवत होतं.

एकविसाव्या दिवशी त्यानं भरलेली बाटली दुकानातल्या काट्यावर ठेवून बघितली. रिकामी चारशे ग्रॅमची, भरून चौदाशे. मोज्याच्या आत कागदी रुमाल गुंडाळला. कागद खोटं बोलत नाही. थेंब गळला तरी डाग पडतो.

वरच्या ठाण्यावर उतरताना छातीशी काहीतरी हलकं वाटलं. त्यानं तिथंच बाटली काढली, हलवली. आवाज नाही. कागद उलगडला. पांढरा, कडक, कोरडा.

रिकामी बाटली घेऊन तो दोरापर्यंत गेला. काय करावं कळेना, म्हणून झाकण उघडून त्यानं ती तशीच घळीवर उपडी धरली. एखाद्याला दाखवावी तशी.

४

लिफ्टच्या मार्गावर पंधरा खांब आहेत, खालून वर मोजलेले, प्रत्येकावर पिवळा आकडा. खुर्ची खांबाखालून गेली की चाकांवरून दोर खडखडतो, मग पुन्हा शांतता.

तेविसाव्या दिवशी बाराव्या खांबाशी त्याला आवाज आला. आवाज त्याच्या कोटातून येत होता. घट् घट् घट्. उलट्या बाटलीला कुणी खालून तोंड लावावं आणि दम न घेता प्यावं, तसा. त्याला ते घोट बरगडीवर जाणवले. बाटली घोटागणिक गार होत गेली. सात घोट त्यानं मोजले, मग एक उसासा. तृप्तीचा नव्हे. आणखी आहे का, असं विचारणाऱ्या माणसाचा.

हा उसासा त्याला माहीत होता. चाळीस वर्षं ऐकला होता.

स्तोइल घाबरला असं म्हणावं, तर तसं नव्हतं. भीती होती, पण ती रागाच्या मागं उभी होती. त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की विचारलंसुद्धा नाहीस. आताही विचारलंसुद्धा नाहीस.

खाली आल्यावर गात्योनं बिडी शिलगावून त्याला थांबवलं. परतीच्या वाटेवर बोलायला बंदी नव्हती.

"काय रे, हल्ली दोन माणसांचं जेवतोस काय?"

"का?"

"दोघांच्या खुर्चीत एकटा बसला की खुर्ची त्याच्या अंगाला कलते. तुझी बघतोय तीन दिवस, सरळ चाललीय पट्ठी. इथून निघते तेव्हा कललेली असते, आणि वरच्या वळणाला गेली की सरळ होते. पिशवीत दगड नेतोस का डोंगराला?"

"तुझी अक्कल नेतो. हलकीच आहे म्हणा."

गात्यो खो खो हसला. स्तोइल हसला नाही. तो दुकानात गेला, अर्ध्या घासलेल्या बोर्डसमोर बसला आणि तासभर त्यानं कानस उचलली नाही.

५

पंचविसाव्या दिवशी घोट ऐकू आले ते सातव्या खांबाशी.

बारा, मग सात. स्तोइल शिकलेला नव्हता, पण खालचं आणि वरचं त्याला कळत होतं. जे काही होतं ते आता घळीत त्याची वाट बघत नव्हतं. ते त्याला घ्यायला खाली येत होतं, रोज थोडं पुढं.

सव्विसाव्या दिवशी त्यानं बाटली भरलीच नाही. बघू या म्हणाला, काय पितोस ते. रिकाम्या हातानं खुर्चीत बसला.

पाचव्या खांबाशी त्याची जीभ टाळूला चिकटली. आधी वाटलं थंडी. मग ओठ तडकला, दुसरीकडून तडकला. डोळे मिटले तर पापण्या आतून खरखरल्या. गिळायला गेला, तर गिळायला काही नव्हतं. घसा कातड्यासारखा आवळून आला. आणि कानाजवळ, अगदी कानाजवळ, तेच घट् घट्.

वर न उतरता तो त्याच खुर्चीतून वळसा घेऊन खाली आला. दुकानाच्या नळाला तोंड लावून किती प्याला ते त्यालाच ठाऊक नाही. पाणी दाढीतून, गळ्यातून वाहत होतं, आणि तो मध्ये मध्ये थांबून शिव्या देत होता. "चोर! बाटलीत नाही तर माणसातलं? चोर कुठला!"

गात्यो दारातून डोकावला. "कुणाशी भांडतोस?"

"भावाशी."

गात्योनं टोपी काढली. "भांड बाबा," तो हळूच म्हणाला. "मी पण बापाशी भांडतो अजून. जिवंतपणी कुठं भांडू दिलं त्यानं."

तो भलं बोलला होता. पण स्तोइलला वाटलं, या माणसाच्या डोक्यात एक थापड मारावी.

६

अठ्ठाविसाव्या दिवशी बाटली दुसऱ्या खांबाशी रिकामी झाली. एकोणतिसाव्या दिवशी झरा ते फाटक या बारा पावलांत.

स्तोइल फाटकात उभा राहिला. रिकाम्या बाटलीचं वजन हातात घेऊन त्यानं मागं बघितलं. रस्त्यावर त्याच्या एकट्याच्या बुटांचे ठसे होते. बर्फ उजळ होता, शेजारणीचं कुत्रं साखळी ओढत होतं, बेकरीतून चीज घातलेल्या पोळीचा वास येत होता. सगळं जिथल्या तिथं.

घरात गेला तर आई खिडकीशी बसली होती. काळा रुमाल बांधलेला, हात मांडीवर. समोर ल्युबेनचा पेला. सकाळी त्याच्यादेखत तिनं तो काठोकाठ भरला होता. आता तळाशी ओलसुद्धा नव्हती.

आणि म्हातारी हसत होती. ल्युबेन गेल्यापासून पहिल्यांदा.

"आई, पाणी कुणी सांडलं?"

"सांडलं नाही," ती म्हणाली. "बस ना. पायातलं काढ. किती गारठा आणलास घरात, फाटक उघडं टाकलंस का?"

"लावलंय."

"मग असू दे," ती म्हणाली आणि पेला उचलून पुन्हा भरायला गेली. चालताना दारातून तिनं जरा अंग चोरलं, कुणाला वाट द्यावी तसं.

७

मग म्हातारीला तहान लागायला लागली.

आधी पेल्यानं, मग तांब्यानं, मग मातीच्या मोठ्या सुरईनं. घेवड्याचं सार केलं तर वरचं पाणी पिऊन घेवडा ठेवायची. ताक, चहा, काही पुरेना. आणि इतकं पिऊन ती वाळत चालली. गाल आत गेले. ओठांवर भेगा पडल्या, त्यात रक्तसुद्धा येईना. लघवीला उठणं बंद झालं.

तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या, पेत्कोवा नावाच्या, रोखठोक बाई. त्यांनी म्हातारीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी. बाईंनी साखर तपासली, ठीक. नाडी बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हिला पाणी देत नाही का तुम्ही?" त्यांनी स्तोइलला पडवीत नेऊन विचारलं.

"सकाळपासून चार सुरया प्यालीय. माझ्यासमोर."

"शक्य नाही. चार सुरया प्यालेल्या माणसाचं अंग असं नसतं. खोटं का बोलता?"

"बाई, तुम्ही थांबा नि बघा!"

"ओरडू नका माझ्यावर. आज बुधवार. शुक्रवारी सकाळी गाडी पाठवते, तिला इस्पितळात सलाइन लावू. पण तोवर हे असंच राहिलं, तर गाडी रिकामी परत जाईल. समजलं?"

समजलं. स्तोइल दारात उभा राहून आईला पिताना बघू लागला. दुपारचं ऊन खिडकीतून तिच्या गळ्यावर पडलं होतं. तिनं सुरई तोंडाला लावली, गळ्याची घाटी हलली, एक घोट झाला. आणि लगेच, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, दुसरा आवाज. घट्. तिची घाटी हलली नव्हती.

पुन्हा एक घोट. पुन्हा मागून एक.

स्तोइलनं स्वतःला समजावलं, जुनं घर आहे, पोकळ भिंत आहे, आवाज फिरतो. मग सुरई खाली आली, आणि तिच्या मागून तो उसासा आला. आणखी आहे का?

८

गुरुवारी सकाळी त्यानं भिंतीवरून ल्युबेनची पाठपिशवी काढली. आत तीन लिटरची पाण्याची पिशवी होती, नळी असलेली, बोर्डवर लांब जाणारे वापरतात तसली. ती त्यानंच त्याला वाढदिवसाला दिली होती. एकदाही वापरलेली नव्हती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. झऱ्यावर जाऊन ती भरली, नळीवर जुन्या मफलरची पट्टी गुंडाळली, नळीत फुंकून पाणी मागं ढकललं, म्हणजे नळी गोठायची नाही. मग बोर्ड घेऊन आईच्या खोलीत आला.

आता मुकं राहण्यात काही अर्थ उरला नव्हता. तो खोलीच्या मधोमध उभा राहून बोलला, कुणाकडे न बघता.

"चल. ऊठ. तीन लिटर आहे. वरपर्यंत पुरेल. माझ्याबरोबर चल आणि हिला सोड."

म्हातारीनं मान वर केली. ती उशांना टेकून बसली होती, वाळक्या मिरचीसारखी.

"कुठं नेतोस त्याला?"

"जिथला आहे तिथं."

"तिथं थंडी आहे."

"आई, तू मरायला टेकलीस! तुला दिसत नाही? तो पितोय तुला!"

"पिऊ दे." तिची जीभ जड झाली होती, शब्द चिकटत येत होते. "लहानपणी कुणाचं दूध प्याला? माझंच ना."

"मी पण प्यालोय तुझं दूध! मला कोण विचारणार? माझी आई मला हवीय!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि स्तोइलला स्वतःचाच आवाज परका वाटला. एक्कावन्न वर्षांच्या माणसाचा नव्हता तो.

म्हातारी म्हणाली, "तू त्याला तेव्हाही पाणी दिलं नाहीस."

स्तोइलच्या हातातला बोर्ड जमिनीला लागला.

ल्युबेन गेला त्या दिवशी दोराशी ते दोघंच होते. ल्युबेननं हात पुढे केला होता, नेहमीसारखा. "दादा, घोटभर." आणि स्तोइलनं, जन्मात पहिल्यांदा, बाटली उघडून ती त्याच्या डोळ्यांसमोर बर्फात उपडी केली होती. शेवटच्या थेंबापर्यंत. "बर्फ खा," म्हणाला होता. ल्युबेन हसला होता. खरंच मूठभर बर्फ तोंडात टाकून दोराखालून गेला होता. गावाला स्तोइलनं एवढंच सांगितलं होतं की तो हसत गेला.

"तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

म्हातारीनं पलंगाच्या कडेला, रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि थोपटल्यासारखं केलं.

"चल म्हणतो ना!" स्तोइल ओरडला आणि दार धाडकन उघडून बाहेर पडला. दार त्यानं उघडंच ठेवलं. कुणी मागून येणार असलं, तर यावं म्हणून.

९

गात्योनं त्याची पाठ बघितली. "आज पखाल घेऊन निघालास?"

स्तोइलनं मान हलवली आणि बसला. खुर्ची त्याच्या अंगाला कलली आणि वर निघाली.

दुसरा खांब. सातवा. तो कान देऊन बसला होता, पाठीचे स्नायू ताठ करून. घोटाचा आवाज आला की हिशेब लावायचा, किती उरलं, किती अंतर. पुरायला हवं. नाही पुरलं तर स्वतःला देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. माझं अंग आहे, घे.

बारावा खांब गेला. आवाज नाही. पिशवी पाठीवर जड होती, भरल्या घागरीसारखी, आणि वळणावर डुचमळत होती.

वर उतरून त्यानं बोर्ड बांधला. वारा नव्हता. ऊन इतकं स्वच्छ होतं की डोळ्यांत पाणी यावं. आडवा उतार कापताना त्याच्या मनात विचार आला, हा लाजलाय. चाळीस वर्षांनी का होईना, दादाचं पाणी घ्यायला लाजलाय. आणि रागाच्या तळाशी काहीतरी सैल झालं. त्यानं नळी खांद्यावरून मागं, बाहेर लोंबू दिली. "पी रे," तो म्हणाला. "पी. मी काही म्हणत नाही."

पाइनच्या झाडांमधून जाताना नळीचं टोक कोटावर टपटप आपटत होतं. बाकी बर्फावरून घसरणाऱ्या बोर्डचा आवाज.

दोराशी तो थांबला. पिशवी काढून दोन्ही हातांवर घेतली, झाकण उघडलं आणि घळीच्या काठावर सगळं ओतलं. हळूहळू, थेंबही वाया न घालवता. पाणी बर्फात खड्डा पाडत गेलं, वाफ निघाली, मग कडेनं काच धरू लागली. बघता बघता तिथं एक चकचकीत थाळी तयार झाली, कुठल्याही पाण्याची होते तशी.

संपलं, असं त्याला वाटलं. तो बर्फात बसला. छाती मोकळी झाली. शुक्रवारी गाडी येईल, आईला सलाइन लागेल, पाणी अंगात टिकेल.

मग त्याची नजर त्या थाळीवर गेली. मोठी होती. तीन लिटर पाण्याची होईल तेवढी मोठी.

तीन भरले होते. तीन ओतले होते.

खुर्चीही कललेली होती. सबंध वाटभर.

१०

खाली जायला मुख्य उतार लांब पडतो, म्हणून स्तोइल लिफ्टच्या दोराखालून सरळ उतरला, जिथं खांबांच्या मधे बुंधे आणि खडक आहेत आणि शहाणा माणूस बोर्ड घालत नाही. दोनदा पडला. दुसऱ्यांदा खांद्यावर पडला आणि हात उचलेना. तो शिव्या देत होता, मोठमोठ्यानं, ल्युबेनला, डोंगराला, त्या दिवशी बाटली उपडी करणाऱ्या स्वतःच्या हाताला. "सोड तिला! तुला पाहिजे ते माझ्याकडून घे ना, चोरा! तिला सोड!"

सातव्या खांबाशी तो श्वास घ्यायला थांबला आणि वरून खुर्च्या जाताना बघू लागला. गुरुवारची सकाळ, गिऱ्हाईक नव्हतं. रिकामी खुर्ची, रिकामी खुर्ची, रिकामी खुर्ची.

मग एका खुर्चीत काळा रुमाल दिसला.

म्हातारी घरातल्या सपातांवर आली होती. मांडीवर गात्योची राखाडी घोंगडी होती. एकदा जागा तरी बघू दे, असं काहीतरी तिनं त्याला सांगितलं असणार, आणि गात्योला नाही म्हणवलं नसणार. खुर्चीची आडवी दांडी खाली ओढलेली होती. तिच्या कडेवर मातीची मोठी सुरई होती, भरलेली असतानाच धरतात तशी, दोन्ही हातांनी.

"आई!" स्तोइल ओरडला. "आई, उतरू नकोस! मी येतो वर! आई!"

तिनं खाली बघितलंच नाही. तिनं सुरई हळूच कलती केली, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. सवयीच्या हातानं, तोंडाशी किती धरावी ते ठाऊक असलेल्या हातानं. ऊन पाण्याच्या धारेवर चमकलेलं स्तोइलनं स्पष्ट बघितलं. तो बरोबर खाली उभा होता. तोंड वर करून तो थांबला, पाणी अंगावर पडेल म्हणून. डोळे मिटून थांबला.

एक थेंबही खाली आला नाही.

त्यानं डोळे उघडले तेव्हा खुर्ची आठव्या खांबाकडे निघाली होती. तिच्या गालाचं हाड कातडीतून वर आलेलं दिसत होतं, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की त्याला ते बघवेना.

"ल्युबेन!" तो फाटक्या आवाजात ओरडला.

आता कुठं म्हातारीनं मान वळवली. कपाळाला आठी घालून तिनं खाली आपल्या थोरल्या मुलाकडे बघितलं, घरात पाळणा हलत असताना दार आपटणाऱ्या पोराकडे बघावं तसं.

"हळू," ती म्हणाली. "पितोय तो."